शंकर बाळकृष्ण दीक्षित : पोथी मोजून पाहणारा शाळामास्तर

भाद्रपद शुद्ध चतुर्थी आली की आपण गणपती आणतो. ती तिथी कोणत्या दिवशी आहे हे आपण भिंतीवरच्या कॅलेंडरात पाहतो, आणि कॅलेंडर छापणारा ते पंचांगात पाहतो. पंचांगकर्ता कशात पाहतो, हा प्रश्न सहसा कोणाला पडत नाही. सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी एका मराठी शाळामास्तरांना तो पडला. त्यांनी वेदांपासून आपल्या काळापर्यंतचे ज्योतिषाचे सारे लिखाण हाताखालून घातले आणि त्याचा एक ग्रंथ केला. त्या मास्तरांचे नाव शंकर बाळकृष्ण दीक्षित आणि ग्रंथाचे नाव ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’. हे ज्योतिष म्हणजे पत्रिका-कुंडलीपुरते नव्हे. आकाशातील ग्रहताऱ्यांचे गणित हा त्याचा मुख्य भाग.

दीक्षितांवर लिहावेसे का वाटले ते आधी सांगतो. मी डिप्लोमा झालेला, मध्य प्रदेश शासनाच्या सेवेतला उपयंत्री. काही वर्षांपूर्वी एका तलावात साठणाऱ्या गाळाविषयी पूर्वी कोणी काय अभ्यास केला आहे, याचे टिपण करण्याचे काम माझ्याकडे आले. जुने तीन अहवाल मिळाले. तिन्हींत गाळाचा एकच आकडा होता. तीन ठिकाणी एकच आकडा म्हणजे तो पक्का, असे समजून मी तो उतरवला आणि टिपण पाठवून दिले. पुढे सहज पाने चाळताना दिसले की दुसऱ्या अहवालाने आकडा पहिल्यातून घेतला होता, तिसऱ्याने दुसऱ्यातून, आणि पहिल्यात तो कुठून आला हे लिहिलेलेच नव्हते. मोजणारा बहुधा एकही नव्हता, उतरवणारे तीन होते, आणि चौथा मी. त्या टिपणाने कोणाचे नुकसान झाले नाही, पण मला ते लागून राहिले.

आता घरात मुलगी विज्ञान शाखेत शिकते आहे. तिला प्रबंधाआधी लिटरेचर रिव्ह्यू, म्हणजे पूर्वीच्या संशोधनाचा आढावा लिहायचा आहे. तो कसा लिहितात असे तिने मला विचारले, तेव्हा मला आजोबांच्या पेटीतला दीक्षितांचा ग्रंथ आठवला. आढावा कसा लिहावा याचा याहून चांगला धडा मराठीत मला तरी माहीत नाही.

शंकररावांचा जन्म जुलै १८५३ मधला, रत्नागिरी जिल्ह्यातल्या दापोलीजवळच्या मुरूड गावचा. समुद्रकाठचे हे लहान गाव. धोंडो केशव कर्वे यांचे मुरूड ते हेच. जंजिऱ्याचे मुरूड वेगळे. शिक्षणाची सुरुवात गावात आणि दापोलीत झाली. पुढे १८७० च्या सुमारास ते पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात गेले. तिथे मराठी शाळांसाठी शिक्षक तयार होत. तो अभ्यास त्यांनी पुरा केला, मॅट्रिकची परीक्षाही उतरले. पदवीपर्यंत मात्र ते गेले नाहीत. एकोणिसाव्या शतकातल्या ज्या मराठी विद्वानांची नावे आपण घेतो, त्यांतल्या बऱ्याच जणांच्या नावापुढे बी.ए., एम.ए. असते. दीक्षितांच्या नावापुढे असे काही नव्हते. ते सरकारी शाळाखात्यातले मास्तर होते आणि अखेरपर्यंत शिक्षकच राहिले.

बदल्याही आपल्यासारख्याच. १८७४ पासून सहा वर्षे रेवदंड्याच्या मराठी शाळेत, मग दोनेक वर्षे ठाण्याला, तिथून सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला सात वर्षे, मग धुळ्याच्या ट्रेनिंग स्कूलमध्ये, आणि १८९४ पासून पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात, जिथे ते स्वतः शिकले होते. या गावोगावच्या नोकरीत त्यांनी मुलांसाठी पुस्तके लिहिली. सामान्य वाचकांना रात्रीचे आकाश समजावे म्हणून ‘ज्योतिर्विलास’ लिहिले. ते १८९२ च्या सुमाराचे. सोपे करून सांगण्याची मास्तरांची सवय त्यांच्या मोठ्या ग्रंथातही दिसते.

ज्योतिषाच्या गणिताकडे ते वळले त्याला तेव्हाचा पंचांगाचा वाद कारण झाला. जुन्या सूर्यसिद्धांतात वर्षाची जी लांबी धरली आहे, ती ऋतूंच्या खऱ्या वर्षापेक्षा सुमारे २४ मिनिटांनी जास्त आहे. वर्षाला २४ मिनिटे म्हणजे साठ वर्षांत एक पूर्ण दिवस. शेकडो वर्षे हा फरक साठत गेला. उत्तरायण खरे सुरू होते २२ डिसेंबरच्या आसपास आणि आपली मकरसंक्रांत येते १४ जानेवारीला, ती यामुळेच. याशिवाय जुन्या कोष्टकांवरून काढलेली ग्रहणे आणि ग्रहांची स्थाने आकाशाशी नीट जुळत नव्हती.

पुण्यात गणिताचे प्राध्यापक केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय वेधांच्या आधाराने ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ हे पुस्तक १८६० मध्ये काढले आणि पुढे नव्या गणिताचे पंचांग सुरू केले. ते पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले जाते. काहींचे म्हणणे याच्याही पुढे होते. त्यांना पंचांग ऋतूंशी पूर्ण जुळणारे, म्हणजे सायन हवे होते. ग्वाल्हेरचे विसाजी रघुनाथ लेले हे या मताचे मोठे पुरस्कर्ते. शिंद्यांच्या राज्यातल्या या मराठी गृहस्थाने हा वाद वर्षानुवर्षे लढवला, हे आपल्या बाजूच्या मराठी मंडळींनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि दीक्षित यांनी मिळून १८८४ च्या सुमारास सायन पंचांग काढायला सुरुवात केली.

या पंचांगाने बहुतेक वर्षी सण रूढ पंचांगाच्या महिनाभर आधी येत. म्हणजे गल्लीत सर्वांचे गणपती भाद्रपदात बसणार आणि सायनवाद्याच्या घरी ते महिनाभर आधीच विसर्जित झालेले असणार. असे पंचांग लोक सहजासहजी घेणार नाहीत हे उघड होते. दीक्षित या वादात एका बाजूचे होते. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे तिचेच महत्त्व आहे.

त्याच सुमारास, १८८४ मध्ये, दक्षिणा प्राइज कमिटीने आपल्या ज्योतिषाच्या आणि पंचांगाच्या इतिहासावर मराठीत ग्रंथ लिहिणाऱ्यास पारितोषिक जाहीर केले. पेशवाईतल्या दक्षिणेच्या पैशातून इंग्रजी अमदानीत ही पारितोषिके दिली जात. दीक्षित तेव्हा बार्शीला होते. त्यांनी हे काम अंगावर घेतले. दिवसा शाळा, उरलेल्या वेळात पोथ्या आणि गणित. ग्रंथ दोन भागांत १८८८ पर्यंत कमिटीकडे गेला आणि त्याला पारितोषिक मिळाले. पण पारितोषिक मिळाले म्हणून त्यांनी काम संपवले नाही. नवे साधन हाती आले की ते मजकूर दुरुस्त करीत, भर घालीत. छापील ग्रंथ बाहेर पडला तो १८९६ मध्ये, पुण्याच्या आर्यभूषण छापखान्यातून. आरंभापासून छपाईपर्यंत बारा वर्षे गेली.

या बारा वर्षांत त्यांनी काय केले, ते नीट पाहण्यासारखे आहे. विषय केवढा, तर वेदसंहिता, ब्राह्मणे, वेदांगज्योतिष, महाभारत, पाच जुने सिद्धांत, आर्यभट, वराहमिहिर, ब्रह्मगुप्त, भास्कराचार्य, कोकणातल्या नांदगावचे ‘ग्रहलाघव’कार गणेश दैवज्ञ, आणि तिथून थेट केरोपंत आणि काशीचे बापूदेव शास्त्री यांच्यापर्यंत. छापलेले ग्रंथ थोडे, बाकी सारे हस्तलिखित. काही पोथ्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या सरकारी संग्रहात, काही आनंदाश्रमात, काही गावोगावच्या जोशांच्या घरी. अल्बेरुणीचे भारतवर्णन साखाऊ यांच्या इंग्रजी भाषांतरामुळे १८८८ मध्ये उपलब्ध झाले, तेही त्यांनी वापरले. काशीच्या सुधाकर द्विवेदींचे ज्योतिष्यांची चरित्रे देणारे पुस्तक १८९२ मध्ये आले, त्याचीही दखल घेतली.

प्रत्येक ग्रंथाला ते ठरावीक प्रश्न विचारतात. कर्ता कोण, गाव कोणते, शक कोणता. ग्रंथात वर्ष किती लांबीचे धरले आहे, ग्रहांच्या फेऱ्या किती दिल्या आहेत. त्या कोणत्या जुन्या ग्रंथाशी जुळतात, म्हणजे कर्त्याने कुठून घेतल्या. त्याने स्वतः आकाश पाहून काही दुरुस्त केले की जुनेच पुन्हा मांडले. जो ग्रंथ स्वतः पाहिला त्याविषयी ते तसे लिहितात. ज्याची माहिती दुसऱ्याच्या यादीवरून घेतली तिथे यादीचे नाव देतात. माझ्या तीन अहवालांना मी नेमके हेच प्रश्न विचारले नव्हते.

या रीतीने काय हाती लागते याचे एक उदाहरण देतो. सूर्यसिद्धांत हा आपल्याकडे फार मान्य ग्रंथ, आणि तो अतिप्राचीन अशी समजूत. वराहमिहिराने सहाव्या शतकात ‘पंचसिद्धांतिका’ लिहून आपल्या आधीच्या पाच सिद्धांतांचा सारांश दिला, त्यांत एक सूर्यसिद्धांत आहे. नाव एकच, तेव्हा ग्रंथही एकच असणार असे कोणीही म्हणेल. पंचसिद्धांतिकेच्या पोथ्या अतिशय अशुद्ध होत्या. थिबो आणि सुधाकर द्विवेदी यांनी ती १८८९ मध्ये काशीहून छापली. दीक्षितांनी या ग्रंथातले आकडे मांडून आजच्या सूर्यसिद्धांताच्या आकड्यांशेजारी ठेवले.

चार युगांचे मिळून एक महायुग, म्हणजे ४३ लाख २० हजार वर्षे. वराहमिहिराच्या सूर्यसिद्धांतात महायुगाचे दिवस १,५७,७९,१७,८०० होतात. आजच्या सूर्यसिद्धांतात ते १,५७,७९,१७,८२८ आहेत. एवढ्या प्रचंड काळात फरक फक्त २८ दिवसांचा. वर्षाच्या लांबीत पाहिले तर पहिल्याचे वर्ष ३६५ दिवस १५ घटी ३१ पळे ३० विपळे, आणि दुसऱ्याचे त्याहून दीड विपळापेक्षाही कमी अंतराने मोठे. आजच्या भाषेत जेमतेम अर्धा सेकंद. व्यवहारात कोणाला या अर्ध्या सेकंदाचे काही वाटणार नाही. पण पिढ्यान्‌पिढ्या ग्रंथातले आकडे जसेच्या तसे पाठ करणाऱ्या परंपरेत एवढा फरक आपोआप पडत नाही. शनीच्या फेऱ्या पाहिल्या, तर एकात १,४६,५६४ आणि दुसऱ्यात १,४६,५६८. इतर ग्रहांतही असेच फरक निघाले. यावरून वराहमिहिराच्या हातातला सूर्यसिद्धांत वेगळा आणि आपल्या हातातला वेगळा, पहिला जुना आणि दुसरा नंतर सुधारलेला, हे उघड झाले. मूळ सूर्यसिद्धांतावरचा त्यांचा इंग्रजी लेख १८९० मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’ या संशोधनाच्या मासिकात आला.

दुसरे उदाहरण आपल्या मध्य प्रदेशातले आहे. सागर जिल्ह्यात बीना नदीच्या काठी एरण नावाचे गाव आहे. तिथे बुधगुप्ताच्या काळात उभारलेला उंच दगडी स्तंभ अजून उभा आहे. नोकरीच्या कामाने सागरकडे गेलो असताना मी तो पाहिला आहे. त्यावरच्या लेखात गुप्त संवत् १६५, आषाढ शुद्ध द्वादशी, गुरुवार असा काळ दिला आहे. प्रश्न असा होता की गुप्त संवत् सुरू कधी झाला. थॉमस इसवी सन ७८ च्या आसपास म्हणत, कनिंगहॅम १६६, बेली १९०. अल्बेरुणीने लिहून ठेवले होते की तो शकानंतर २४१ वर्षांनी सुरू झाला, म्हणजे ३१९ च्या सुमारास. पण त्यावर सर्वांचा विश्वास नव्हता. समुद्रगुप्त, चंद्रगुप्त, स्कंदगुप्त कधी होऊन गेले, हे सारे या एका आकड्यावर लटकलेले होते.

गुप्तांचे शिलालेख संपादित करणारे फ्लीट यांनी गणितासाठी दीक्षितांचे साहाय्य घेतले. दीक्षितांनी केरोपंतांच्या कोष्टकांवरून तिथी आणि वार काढण्याची रीत बसवली. अल्बेरुणीच्या सांगण्याप्रमाणे गणित केले तर एरणचा दिवस २१ जून ४८४ येतो, आणि त्या दिवशी गुरुवारच होता. पण वाराचे असे आहे की सातांत एखादे वेळी तो योगायोगानेही जुळायचा. एका लेखावर भरवसा ठेवून चालत नाही. तेव्हा इतर लेखांचीही तपासणी झाली. मंदसोरच्या लेखात कुमारगुप्ताच्या कारकिर्दीबरोबर मालव संवत् ४९३ आला आहे. मालव संवत् म्हणजेच विक्रम संवत् धरला तर तो इसवी सन ४३६ येतो आणि हिशेब ३१९ कडेच जातो. बघेलखंडातल्या परिव्राजक राजांच्या ताम्रपटांत गुप्त वर्षाबरोबर गुरूच्या बारा वर्षांच्या चक्रातल्या संवत्सराचे नाव आहे. ही संवत्सरे गुरूच्या उदयावरून मोजण्याची जुनी रीत होती. ती दीक्षितांनी ग्रंथांतून शोधून काढली आणि तिने संवत्सरे ३१९–२० च्या आरंभाशी जुळतात असे दाखवले. वार, राजाचा काळ आणि गुरूचा उदय हे तीन वेगवेगळे साक्षीदार. ते एकमेकांचे पाहून बोलणारे नव्हते. फ्लीट यांचा ग्रंथ १८८८ मध्ये निघाला, आणि दीक्षितांची तिथी-वार काढण्याची रीत त्याला परिशिष्ट म्हणून जोडली गेली.

इथे मला माझे तीन अहवाल पुन्हा आठवतात. तेही तीन साक्षीदार होते, पण ते एकाच तोंडून बोलत होते.

तिसरे उदाहरण वेदकाळाचे. शतपथ ब्राह्मणात कृत्तिका पूर्व दिशेपासून ढळत नाहीत अशा अर्थाचा उल्लेख आहे. आज कृत्तिका पूर्वेला उगवत नाहीत, बऱ्याच उत्तरेकडे उगवतात. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा हळूहळू फिरतो. त्याची एक फेरी सुमारे २६ हजार वर्षांची. म्हणून ताऱ्यांच्या उगवण्याच्या जागा बदलत जातात. कृत्तिका नेमक्या पूर्वेला कधी उगवत असतील याचे गणित दीक्षितांनी केले. उत्तर आले इसवी सनापूर्वी सुमारे ३००० वर्षे. वेदांगज्योतिष हा छोटासा, पण अतिशय दुर्बोध ग्रंथ. त्यातल्या ऋग्वेदाच्या पाठात अवघे ३६ श्लोक. त्यावर वेबर, थिबो, कृष्णशास्त्री गोडबोले आणि स्वतःचे सहकारी मोडक यांनी आधी काम केले होते. त्यांच्यामुळे कोणते श्लोक लागले आणि कोणते राहिले हे पाहून दीक्षितांनी आणखी काही श्लोकांचा अर्थ लावला.

त्यांचे सारे निष्कर्ष आज सर्वांना मान्य आहेत असे नाही. शतपथातल्या त्या वाक्याचा अर्थ नेमक्या वेधासारखा घ्यावा की ढोबळ, यावर विद्वानांत मतभेद आहेत. ग्रीकांकडून आपण ज्योतिषातले किती घेतले, या प्रश्नावर दीक्षितांचा कल आपल्या परंपरेच्या स्वतंत्रतेकडे होता. नंतरच्या संशोधकांनी ग्रीक प्रभाव त्याहून अधिक मानला. पण या मतभेदांमुळे ग्रंथ निरुपयोगी होत नाही. दीक्षितांनी आधार आणि गणित दोन्ही पानावर मांडून ठेवले आहे. ज्याला पटत नाही तो त्याच पायऱ्यांनी चढून कुठे चूक आहे ते दाखवू शकतो.

आता तो पंचांगाचा वाद. ग्रंथाच्या ओघात दीक्षितांना स्वतःच्याच काळाचा इतिहास लिहायचा होता, आणि त्यात ते स्वतः एक पक्षकार होते. सायनवादी त्यांचे मित्र होते. प्रतिपक्ष टीका करीत होता. अशा वेळी आपल्या बाजूचे तेवढे सांगायचे आणि दुसऱ्याचे दोन ओळींत उरकायचे, हा मोह कोणालाही होईल. कचेरीत आपण टिपणे लिहितो तेव्हा आपणही तेच करतो. दीक्षितांनी जुन्या ग्रहलाघवी पंचांगाची बाजू मांडली, केरोपंतांच्या पंचांगाची मांडली, बापूदेवांची मांडली, आणि सायनाचीही. प्रत्येकाने वर्ष किती धरले, अयनांश किती धरले, हे आकड्यांनी दिले. गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरची पंचांगे आता आकाशाशी जुळत नाहीत हे दाखवताना त्या गणिताची सोय आणि कर्त्याची हुशारी यांना त्यांनी पुरते श्रेय दिले. हे सगळे झाल्यावर स्वतःचे मत त्यांनी लपवले नाही. सायन पंचांग घ्यावे असे सांगितले, त्याची कारणे दिली, आणि लोकांच्या व्यवहारात अडचणी काय येतील हेही लिहिले. हकीकत कुठे संपते आणि मत कुठे सुरू होते, हे वाचणाऱ्याला कळते.

१८९६ हे वर्ष त्यांच्या आयुष्यात मोठे ठरले. मराठी ग्रंथ बाहेर पडला, आणि त्याच वर्षी मद्रासच्या सिव्हिल सर्व्हिसमधले रॉबर्ट सेवेल यांच्याबरोबर केलेला ‘द इंडियन कॅलेंडर’ हा इंग्रजी ग्रंथ लंडनला छापला गेला. हिंदू आणि मुसलमानी तारखांवरून इंग्रजी तारीख काढण्याची कोष्टके त्यात आहेत. शिलालेख वाचणाऱ्यांना ती पुढे अनेक वर्षे हाताशी लागत. इंग्रजीत लिहिण्याची सवय आणि संधी दोन्ही असताना दीक्षितांनी आपले मुख्य काम मराठीत केले. दक्षिणा प्राइजची अट मराठीची होती हे खरे. पण पुढची आठ वर्षे वाढवत नेलेला ग्रंथही त्यांनी मराठीतच ठेवला. परिणाम असा झाला की हा विषय खोलात शिरून पाहायचा तर मराठी ग्रंथापर्यंत यावे लागे.

त्यानंतर दोनच वर्षांनी, एप्रिल १८९८ मध्ये, दीक्षित पुण्यात वारले. वयाची पंचेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. मी आज त्याच वयाच्या आसपास आहे, म्हणून हा आकडा मला अधिक जाणवतो.

ग्रंथ मात्र पुढे चालत राहिला. १९५७ मध्ये त्याचे हिंदी भाषांतर निघाले. इंग्रजी भाषांतर उज्जैनचे प्रा. आर. व्ही. वैद्य यांनी केले. ते भारत सरकारने दोन भागांत, १९६९ आणि १९८१ मध्ये छापले. म्हणजे कोकणातल्या मास्तरांचा मराठी ग्रंथ जगापुढे नेण्याचे काम आपल्या माळव्यातल्या माणसाने केले. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली, तिच्यातही हे वैद्य सभासद होते. समितीच्या अहवालात दीक्षितांचा आधार जागोजाग घेतला आहे. तिच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली, तिचे वर्ष ऋतूंशी जुळणारे, सायन आहे. आकाशवाणीवर भारतीय सौर तारीख सांगतात ती हीच. सण मात्र जुन्याच हिशेबाने राहिले, म्हणून आपले गणपती अजून सर्वांबरोबर बसतात. दीक्षितांना हे अर्धे यश वाटले असते की पुरे, ते मी सांगू शकत नाही.

मुलीला मी एवढेच दाखवले. आधी आपला प्रश्न ठरव. मग त्यावर कोणी कोणी लिहिले ते काळाच्या क्रमाने लाव. प्रत्येकाने स्वतः काय मोजले आणि दुसऱ्याचे काय घेतले ते वेगळे कर. मूळ लेख मिळत असेल तर त्याच्यापर्यंत जा; मिळाला नाही तर तसे लिही. जमेल तिथे आकडा स्वतः करून पाहा. एकच गोष्ट तीन ठिकाणी असेल, तर ते तिघे खरोखर वेगळे आहेत का ते विचार. तुला न पटणाऱ्याचे म्हणणे असे लिही की त्याने वाचले तर त्याला ते आपलेच वाटावे. आणि शेवटी तुझे मत दे, मत म्हणूनच.

तिने मान डोलावली आणि पेटीतला ग्रंथ आपल्या टेबलावर नेला. जुने टंक, शकांचे आकडे, घटी-पळे हे तिला जड जाईल असे मला वाटले होते. चार दिवसांनी तिने येऊन सांगितले की तिच्या विषयातल्या दोन लेखांत एकच तक्ता आहे आणि तो दोघांनीही तिसऱ्याच कुणाकडून घेतलेला दिसतो. त्या तिसऱ्याचा मूळ लेख ती आता शोधते आहे.

मीही गाळाचे ते जुने टिपण काढले. नव्याने मोजणी करून घेणे माझ्या हातात नव्हते. पण त्या आकड्यापुढे त्याचा मूळ आधार मिळालेला नाही असा शेरा लिहून मी ते पुन्हा वर पाठवले. उशीर झाला होता, पण पाचवा उतरवणारा तरी निदान थांबून विचार करील.